ब्रिटनमध्ये सेवाभावी काम करायला जायचंय? चॅरिटी वर्कर व्हिसाची सविस्तर माहिती

परदेशातल्या एखाद्या सेवाभावी संस्थेत काही महिने काम करावं, असं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘टुरिस्ट व्हिसावर जमेल का?’ ब्रिटनपुरतं बोलायचं तर जवळजवळ नाहीच. व्हिजिटर व्हिसावर तिथल्या नोंदणीकृत चॅरिटीमध्ये एकूण ३० दिवसांपर्यंत मदत करता येते. पण तिथेही जाण्याचं मुख्य कारण दुसरं हवं. लंडनला बहिणीकडे दोन महिने राहायला गेलात आणि तिथल्या फूड बँकेत चार-सहा शनिवार हात लावला, तर ते नियमात बसतं. ‘सेवेसाठीच जातोय’ असं म्हणून व्हिजिटर व्हिसा मागितलात, तर बसत नाही.

वर्षभर थांबून मनापासून काम करायचं असेल, तर त्यासाठी ब्रिटनने वेगळा व्हिसा ठेवला आहे: टेम्पररी वर्क, चॅरिटी वर्कर. ११ ऑक्टोबर २०२१ पूर्वी हाच मार्ग ‘टियर ५’ या नावाखाली होता. त्यामुळे इंटरनेटवर टियर ५ असं लिहिलेली माहिती दिसली, तर ती जुनी आहे असं समजा. व्हिसा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा मिळतो. काम त्याहून कमी दिवसांचं असेल, तर कामाचा काळ आणि त्याच्या आधीचे व नंतरचे १४-१४ दिवस. वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणजे आयईएल्ट्सच्या क्लासला पैसे घालवायची गरज नाही. संस्था मात्र मुलाखतीत तुमचं इंग्रजी पाहणारच.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून थेट जाऊन काम करता येईल, हे दिवस २०२० च्या अखेरीस संपले. ब्रिटनमध्ये सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधीपासून तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना मिळालेला वास्तव्याचा हक्क) नसेल, तर पोर्तुगीज नागरिकालाही हाच व्हिसा घ्यावा लागतो.

हे काम नेमकं कोणतं?

या व्हिसावर पगार मिळत नाही. मानधन नाही, स्टायपेंड नाही, ‘हातखर्चाच्या नावाखाली थोडेफार’ असलं काहीही नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या किमान वेतन कायद्यातल्या कलम ४४ मध्ये स्वयंसेवकाला काय देता येतं ते लिहिलेलं आहे. राहण्या-जेवण्याची सोय आणि कामापायी झालेला वाजवी खर्च, एवढंच. संस्थेने पत्रात ‘पॉकेट मनी’ असा शब्द वापरला असेल, तर ही रक्कम कोणत्या नियमाखाली दिली जाते आणि सरकारी नोंदीत ती कशी दाखवली आहे, हे त्यांना लेखी विचारा. नीट चालणाऱ्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे आणि तिथेच लोक अडकतात. काम संस्थेच्या मूळ सेवाकार्याशी थेट जोडलेलं हवं आणि एरवी ज्यासाठी पगारी माणूस ठेवला जातो, असं ते नको. ऑफिसातलं रोजचं कारकुनी काम, निधी गोळा करणं, दुकानात विक्री करणं, इमारतीची देखभाल, ही कामं नियमात स्पष्टपणे वगळली आहेत. ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक बाजारपेठेत चॅरिटी शॉप दिसतात. लोकांनी दिलेले जुने कपडे, पुस्तकं, भांडी तिथे विकतात आणि पैसे संस्थेला जातात. स्थानिक लोक तिथे हौसेने काम करतात, पण त्या काउंटरवर उभं राहण्यासाठी तुम्हाला हा व्हिसा मिळणार नाही. आपल्याकडची आयटीतली मुलं सहज म्हणून जातात की ‘मी त्यांची वेबसाइट करून देईन’. तेही चालत नाही.

मग चालतं काय? गतिमंद प्रौढांच्या निवासी वसाहतीत त्यांच्याबरोबर राहून स्वयंपाक, बागकाम, विणकाम यांत त्यांना साथ देणं. बेघरांसाठीच्या केंद्रात त्यांच्याबरोबर थेट काम करणं. अपंग मुलांच्या शिबिरात सहायक म्हणून राहणं. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्या माणसांशी तुमचा रोजचा संबंध असला पाहिजे.

यातलं ठळक उदाहरण कॅम्पहिलचं. कार्ल क्योनिग हे ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ नाझींमुळे देश सोडून स्कॉटलंडमध्ये आले आणि १९४० मध्ये अॅबर्डीनजवळ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली कॅम्पहिल वसाहत उभी केली. अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांना साथ देणारी माणसं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत राहतात, ही तिथली पद्धत. जगभरातून तरुण तिथे वर्षभरासाठी येतात. आनंदवनात किंवा सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत राहून आलेल्याला हे वातावरण फार परकं वाटणार नाही. मात्र कॅम्पहिलच्या अनेक वसाहती स्वतंत्र संस्था आहेत, तेव्हा या व्हिसावर माणसं बोलावण्याचा सरकारी परवाना प्रत्येकीकडे आहे का हे वेगवेगळं पाहावं लागतं.

संस्था शोधणं: खरा वेळ इथे घाला

अर्जाचा फॉर्म भरायला एक दुपार पुरते. संस्था शोधायला महिने लागतात आणि लागू द्यावेत. बहुतेक लोक याच्या उलट करतात: आधी व्हिसाच्या मागे धावतात आणि संस्था कुठली ते एजंटवर सोडतात. तसं करू नका. तुमची पूर्ण फाईल संस्थेच्या एका नोंदीवर उभी राहते, म्हणून संस्था तुम्ही स्वतः निवडलेली हवी.

शोधण्याची रीत अशी. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर परवानाधारक प्रायोजकांची यादी असते, ‘रजिस्टर ऑफ लायसन्स्ड स्पॉन्सर्स: वर्कर्स’ या नावाने. ती फुकट डाउनलोड होते आणि एक्सेलमध्ये उघडते. संस्थेचं नाव, गाव, रेटिंग आणि मार्ग असे रकाने असतात. मार्गाच्या रकान्यात ‘चॅरिटी वर्कर’ एवढंच गाळून घ्या. यादी प्रचंड आहे, पण गाळल्यावर आवाक्यात येते. रेटिंग ‘ए’ असलेल्याच संस्था धरा.

मग त्यातलं प्रत्येक नाव दुसऱ्या ठिकाणी पडताळा. इंग्लंड आणि वेल्समधल्या संस्थांसाठी चॅरिटी कमिशन, स्कॉटलंडसाठी ओएससीआर आणि उत्तर आयर्लंडसाठी तिथलं वेगळं चॅरिटी कमिशन आहे. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त असतात त्याच धर्तीवरची ही कार्यालयं, पण नोंदी ऑनलाइन, कुणालाही पाहता येतील अशा. संस्थेचा नोंदणी क्रमांक टाकला की उत्पन्न, खर्च दिसतात. इंग्लंड-वेल्सच्या नोंदीत विश्वस्तांची नावं आणि वार्षिक अहवालाचं पीडीएफही बहुतेक वेळा मिळतं. तो अहवाल वाचाच. स्वयंसेवकांबद्दल त्यात काय लिहिलंय, किती ठिकाणी काम चालतं, हिशेब वेळेवर सादर झालेत का, हे सगळं त्यातून समजतं. मुलाखतीला त्याचा फार उपयोग होतो.

आता पत्र. एकच मजकूर शंभर संस्थांना पाठवू नका, तो ओळखू येतो. सात-आठ संस्था निवडा आणि प्रत्येकीला स्वतंत्र लिहा. पत्रात तीन गोष्टी पुरेत. त्यांच्या कोणत्या कामाने तुम्हाला ओढलं आणि का. तुम्ही आजवर काय केलंय, ठिकाण आणि काळ यांसह. कधीपासून कधीपर्यंत येऊ शकता. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्याने कुणाचंच लक्ष वेधलं जात नाही. ‘पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दोन वर्षं दर रविवारी मी रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलण्याच्या गटात बसत होते, तिथे मला गप्प राहून ऐकायला शिकावं लागलं’ असं लिहिलंत की वाचणारा थांबतो. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र असेल, तर ते जोडा, आणि शिबिरात तुम्ही स्वतः काय केलंत ते एका ओळीत लिहा. ब्रिटिश संस्थेला रासेयो म्हणजे काय हे ठाऊक नसतं.

सुरुवातीच्या तारखेच्या आठ-नऊ महिने आधी ही पत्रं जायला हवीत. बऱ्याच निवासी संस्थांमध्ये नवीन तुकडी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येते, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलात तर ठीक.

उत्तर आलं की व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते. साधे, रोजच्या जगण्यातले प्रश्न असतात. एखाद्या निवासी माणसाला अंघोळीला मदत करावी लागेल, चालेल का? कुणी रागाने ताट फेकलं तर काय कराल? थंडीत, गावापासून लांब, घरच्यांपासून दूर वर्षभर राहाल का? खरी उत्तरं द्या. ‘मी सगळं करेन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अंगाला हात लावून काळजी घेण्याचं काम मी कधी केलेलं नाही, शिकावं लागेल’ म्हणणारी व्यक्ती संस्थेला जास्त भरवशाची वाटते.

तुम्हीही विचारा. आठवड्याला किती तास? स्वतंत्र खोली आहे का? सुट्टी किती? विमानाचं भाडं कोण देणार? आजारी पडलो तर? आधीच्या एखाद्या परदेशी स्वयंसेवकाशी बोलता येईल का? या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर ती संस्था मी सोडून देईन.

पैसे मागणारे लोक

ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअर वर्कर घेणं बंद केलं. लाखो रुपये देऊन त्या मार्गाने जाऊ पाहणारी माणसं त्यामुळे अडकली. अशा वेळी कुणी ‘चॅरिटी व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर पगाराचं बघू’ असं म्हणालं तर त्याच्या दारातूनच परत फिरा. या व्हिसावर पगार घेणं हाच नियमभंग आहे, आणि पकडला जातो तो जाणारा माणूस, एजंट नव्हे.

संस्था तुमच्यासाठी जो प्रायोजकत्वाचा क्रमांक, म्हणजे सीओएस, काढते (त्याबद्दल पुढे सांगतो), त्याची फी संस्था सरकारला भरते. तो क्रमांक विकत मिळत नाही. ‘सीओएस तयार आहे, आठ लाख द्या’ ही सरळ फसवणूक आहे. भारतातून परदेशी कामासाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून पाहता येते, आणि त्याला घेता येणारं सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकंच आहे. खरं तर या व्हिसाला एजंट लागतच नाही. सल्ला हवाच असेल, तर ब्रिटनमधला सल्लागार तिथल्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला आहे का, ते बघा. जानेवारी २०२५ पर्यंत या कार्यालयाचं नाव ओआयएससी होतं.

सीओएस

संस्थेने तुम्हाला घ्यायचं ठरवलं की ती ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देते. नावात सर्टिफिकेट असलं तरी तो कागद नसतो. ब्रिटनच्या गृहखात्याच्या संगणकात तुमच्या नावाची नोंद होते आणि तिचा क्रमांक तुम्हाला मिळतो. फॉर्ममध्ये तोच भरायचा. क्रमांक दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज व्हायला हवा, आणि काम सुरू होण्याच्या तारखेच्या ३ महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. या दोन मुदतींच्या मध्ये तुमच्या सगळ्या तारखा बसवा.

संस्थेकडून नोंदीची प्रत मागून घ्या आणि एकेक ओळ पासपोर्टशी ताडून पाहा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कामाचं वर्णन, पत्ता, तारखा. कामाच्या वर्णनात ‘सपोर्ट वर्क’ इतकंच मोघम लिहिलं असेल, तर अर्ज करण्याआधीच सविस्तर करून घ्या. शेवटी एक रकाना मेंटेनन्सचा असतो. तो विसरू नका.

खात्यातले पैसे

तो रकाना तुमचा भार हलका करू शकतो. पहिल्या महिन्यात गरज पडली तर तुमचा खर्च आम्ही उचलू, असं ए रेटिंगच्या संस्थेने नोंदवलं असेल तर बँकेचं काहीही दाखवावं लागत नाही. राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या संस्थेला विनंती करायला हरकत नाही.

नोंदवलं नसेल तर १,२७० पौंड तुमच्या खात्यात सलग २८ दिवस हवेत. आजच्या दराने साधारण दीड लाखाच्या आसपास. अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. या २८ दिवसांत एका दिवसासाठीही शिल्लक खाली गेली तर फेटाळण्याचं कारण तयार होतं. गॅसचं बिल, विम्याचा हप्ता, एखादी यूपीआयची रक्कम, एवढ्यानेही आकडा घसरतो. रुपयाचा दर हलत असतो, म्हणून वर वीस-पंचवीस हजारांची जागा ठेवा.

आपल्याकडे नेहमी अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, पैसे वडिलांच्या खात्यात असतात. या व्हिसाला आईवडिलांचं खातं चालत नाही. खातं तुमचं किंवा जोडीदाराचं हवं. वडील देणार असतील तर २८ दिवस मोजायला सुरुवात होण्याआधी तुमच्या खात्यात टाकू द्या आणि ‘ही रक्कम मी मुलीला दिली आहे’ असं साधं पत्र त्यांच्याकडून घेऊन ठेवा. दोन, पैसे पतसंस्थेत असतात. सांगली, कोल्हापूर, नगरकडे घरातली बचत पतसंस्थेतच असणं नवं नाही. पण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, रिझर्व्ह बँकेच्या नाही. ब्रिटिश नियमांना बँकिंग नियामकाच्या देखरेखीखालची, संगणकीय नोंदी ठेवणारी आणि चौकशी केल्यावर पडताळणीला उत्तर देणारी संस्था लागते. तेव्हा रक्कम वेळेत राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेतल्या बचत खात्यात आणा. एफडी असेल तर तीही मोडून तिथेच ठेवलेली बरी. हाताने भरलेलं पासबुक जोडू नका. नाव, खाते क्रमांक, तारीख आणि बँकेचं नाव असलेलं स्टेटमेंट घ्या.

याशिवाय प्रत्यक्ष द्यावे लागणारे पैसे वेगळे. एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाची फी ३१९ पौंड आहे. आरोग्य अधिभार, म्हणजे आयएचएस, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. वर्षभरासाठी दोन्ही मिळून १,३५४ पौंड, दीड लाखाच्या पुढेच. मुक्काम ६ महिने किंवा त्याहून कमी असेल आणि अर्ज भारतातून असेल, तर अधिभार लागत नाही. फी साधारणपणे एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूकेवरचा आकडा पाहूनच भरा. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. जोडीदार आणि मुलांना बरोबर नेता येतं, पण प्रत्येकाची फी, अधिभार आणि शिल्लक स्वतंत्र. बिनपगारी वर्षात हे परवडतं का, ते घरच्यांबरोबर कागद-पेन घेऊन बसून ठरवा.

टीबी, पोलिसांचा दाखला आणि नावाचा घोळ

सहा महिन्यांहून अधिक राहणार असाल तर भारतातल्या अर्जदाराला क्षयरोगाची तपासणी लागते. ती ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या ठरावीक दवाखान्यांतच होते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, ताजी यादी गव्ह डॉट यूकेवर असते. गावच्या डॉक्टरचा किंवा सरकारी रुग्णालयाचा दाखला चालणार नाही. छातीचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असेल तर प्रमाणपत्र लगेच मिळतं आणि ६ महिने चालतं. एक्स-रेवर जुना डाग जरी दिसला तरी थुंकीची तपासणी सांगतात, आणि तिचा निकाल यायला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर जुने कागद बरोबर न्या आणि तपासणी लवकर उरकून घ्या.

पोलिसांचा दाखला या व्हिसाच्या अर्जाला लागत नाही. पण लहान मुलं किंवा दुर्बल प्रौढांबरोबर काम करायचं असेल तर संस्था तो मागतेच. ब्रिटनमधली डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, परदेशातल्या नोंदी पाहू शकत नाही, म्हणून भारतातला पोलिसांचा दाखला (पीसीसी) हवा असतो. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज होतो, ५०० रुपये फी. सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल तर चौकशीत वेळ जातो, हे धरून चाला.

आता नाव. मराठी माणसाच्या कागदपत्रांत हा घोळ जवळजवळ ठरलेला. दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, बँकेत मात्र माहेरचंच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक ‘ए’, दुसऱ्यावर दोन. सगळ्यांत पासपोर्ट प्रमाण धरा. सीओएस, टीबीचं प्रमाणपत्र, बँक, तिकीट, सगळं पासपोर्टप्रमाणे. लग्नानंतरच्या बदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा, आणि लग्नाशिवाय नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत. मराठीतल्या कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘हे मूळ मजकुराचं अचूक भाषांतर आहे’ हे वाक्य हवं.

अर्ज आणि बोटांचे ठसे

अर्ज गव्ह डॉट यूकेवरच भरा. त्या नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. फॉर्म जतन करून तुकड्या-तुकड्यांत भरता येतो. मागचे परदेश प्रवास, आधी नाकारलेले व्हिसा, घरचं उत्पन्न, ब्रिटनमधले नातेवाईक, असं सगळं विचारतात. आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल, अगदी बारा वर्षांपूर्वी अमेरिकेने, तरी तो लिहा. नकार लिहिल्याने अर्ज पडतोच असं नाही. लपवल्याचं सिद्ध झालं तर १० वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते.

पैसे भरले की बोटांचे ठसे देण्यासाठी व्हीएफएस या कंपनीच्या व्हिसा अर्ज केंद्राची वेळ घ्यायची. मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत. कागद आधीच स्कॅन करून अपलोड करा. केंद्रावर करवून घ्यायला वेगळे पैसे घेतात. तिथे एसएमएस, लाउंज, कुरिअर अशा सेवा पुढे केल्या जातात. त्यांतलं काहीही सक्तीचं नाही. घरात लग्न असेल आणि हातावर मेंदी काढायची असेल तर ठशांच्या तारखेनंतर काढा. बोटांच्या टोकांवर मेंदी, चिरा किंवा भाजल्याची खूण असेल तर यंत्र ठसे घेत नाही आणि पुन्हा यावं लागतं.

निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो. मधल्या काळात व्हिडिओवर मुलाखत लागू शकते. अधिकाऱ्याला दोन गोष्टी पाहायच्या असतात: हे काम तुम्ही खरोखर करणार आहात का, आणि संपल्यावर परत येणार आहात का. संस्थेचा पत्ता, तिथल्या माणसांचं स्वरूप, तुमचा दिवस कसा जाईल, परत आल्यावर काय करणार, हे ज्याने संस्थेशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार केलाय त्याला पाठ करावं लागत नाही. नोकरीवरून बिनपगारी रजा मंजूर झाल्याचं पत्र, कॉलेजचा प्रवेश, घरची शेती किंवा व्यवसाय, असं परतीचं खरं कारण दाखवणारा कागद असेल तर जोडा.

नकार आला तर पत्र शांतपणे वाचा. अधिकाऱ्याने चूक केली आहे असं दिसत असेल तर २८ दिवसांत ८० पौंड भरून प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. चूक तुमच्या कागदांत असेल तर फेरतपासणीत वेळ घालवू नका, संस्थेशी बोलून नवीन अर्ज करा.

मंजुरीनंतर

व्हिसा आता ऑनलाइन असतो. यूकेव्हीआय, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या संकेतस्थळावर खातं उघडून त्यात ई-व्हिसा पाहायचा, आणि पासपोर्टचा तपशील बरोबर जोडला गेलाय ना, ते विमानात बसण्याआधी तपासायचं. कामाच्या तारखेच्या १४ दिवस आधीपासून आत जाता येतं. संस्थेचं पत्र, पत्ता, टीबीचं प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

तिथे पोहोचल्यावर सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा. अधिभार भरलेला असल्यामुळे तपासणी मोफत होते. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीतल्या औषधामागे पैसे पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पडत नाहीत. सांगितल्याशिवाय सलग १० कामाचे दिवस गैरहजर राहिलात, तर ते गृहखात्याला कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. संस्थेत जमत नसेल तर गुपचूप दुसरीकडे जाऊ नका. दुसरी संस्था, नवीन सीओएस आणि नवीन अर्ज, या क्रमानेच बदल होतो. एकटं वाटलं तर मराठी माणसं तिथेही आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि गणपती-दिवाळीला तिथे हक्काने जाता येतं.

कमी मुदतीवर गेला असाल तर तिथूनच मुदत वाढवता येते, पण एकूण १२ महिन्यांच्या पुढे नाही. हा काळ तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी मोजला जात नाही. परत आल्यावर याच मार्गाने पुन्हा जायचं असेल तर मध्ये १२ महिने जावे लागतात. निघण्याआधी संस्थेकडून तारखांसह, कामाच्या वर्णनासह सहीचं पत्र घ्या आणि संस्थेच्या अधिकृत ईमेलवरूनही ते मागवा. पुढे समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला किंवा नोकरीला अर्ज कराल तेव्हा पडताळणी त्याच पत्त्यावर होते.